अण्णांचा हललेला हात

कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली, की ओल्या रेक्झिनचा कुबट वास येतो आणि मी पुन्हा इगतपुरीजवळच्या त्या धबधब्यासमोर उभी असते.

डिजिटल कॅमेरा नवा होता. पाणी दुधासारखं दिसावं म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, हे मी नुकतंच शिकले होते. वडिलांना, आमच्या अण्णांना, खडकापाशी उभं केलं आणि बजावलं, "अजिबात हलू नका."

स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून मी बघायला एक पाऊल पुढे टाकलं, तसा त्यांनी हात हलवला. "शेवाळ आहे गं, मागे हो."

फोटोत पाणी सुरेख आलं, अण्णा धुरकट. पडद्यावर बघून तेच म्हणाले, "मी हललो. काढून टाक, कार्डात जागा होईल." रिळाच्या काळात बिघडलेला फोटोही धुऊन घरी यायचा. हा एका बटणात गेला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णा गेले. कार्डात नुसते धबधबे उरलेत. फक्त एका फोटोच्या कडेला चुकून आलेला त्यांचा धूसर हात आहे. पाणी सायीसारखं थिजलंय. हात मात्र अजून हलतोय.