मस्टरमधले रविवार

साहेबांची जीप थेट नदीच्या पात्रातून शाळेसमोर येऊन थांबली. तेव्हाच कळलं, आज आपलं काही खरं नाही.

आमची शाळा मांजरेच्या दोन फाट्यांमधल्या बेटावरच्या वस्तीत. एक खोली, चार वर्ग, तेवीस मुलं, शिक्षिका मी एकटी. एरवी पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चहूकडून पाणी. गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत बसून मी काठावरच्या माझ्या गावातून बेटावर जायची. काहील वल्हवायची शेषाबाई.

त्या वर्षी दुष्काळ होता. नदी कोरडी, काहील बाभळीखाली पालथी. लातूर जिल्हा नवाच झालेला, नव्या ऑफिसात नव्या याद्या चालू होत्या. बंद करायच्या शाळांच्या यादीत आमचं नाव होतं. मुलं पलीकडच्या गावच्या शाळेत जाणार होती.

विस्तार अधिकारी उभ्यानेच म्हणाले, "बाई, बेट कुठाय? मी गाडीनं आलो. पलीकडची शाळा पंधरा मिनिटांवर आहे."

दारातून शेषाबाई बोललीच. "कोरड्या नदीतून आलात अन् बेट इचारता व्हय, साहेब? जिथून गाडी आली तिथंच माझी काहील चालती. पाणी आल्यावर या, मी नेते. पव्हाया येतंय न्हवं?"

मुलं हसली. साहेब हसले नाहीत. "तोंडी नको. कागद दाखवा."

कागद माझ्याकडे होता. पण तो दाखवला की मीच अडकणार होते.

मस्टर म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या सहीचं पुस्तक. पूर आला की मला जाता येत नसे. त्या तारखेला सही न करता मी 'पाणी' असं लिहायची. जितके दिवस बुडाले तितके रविवार शाळा भरवायची आणि सही करायची. यातलं काहीच नियमात बसत नव्हतं. अर्ज न देता गैरहजर, परवानगी न घेता सुट्टीत शाळा. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. शाळा बंद झाली असती तर मला पलीकडचीच शाळा मिळाली असती, तीही घराजवळ. पण तेविसांत बारा मुली होत्या. रोज काहिलीतून त्यांना कुठल्या आईने पाठवलं असतं?

मी दोन वर्षांची मस्टरं टेबलावर ठेवली.

"पाणी, पाणी, पाणी... हे काय? आणि रविवारी सह्या? बाई, याला मेमो मिळतो."

"माहीत आहे, साहेब."

"मग दाखवलं कशाला?"

"कागद तुम्हीच मागितला."

"रविवारी मुलं येत होती?"

मी मुलांची हजेरी पुढे सरकवली. येत होती. घरची कामं अडली तरी त्यांच्या आयांनी पाठवली होती.

साहेबांनी 'पाणी' लिहिलेल्या तारखा बोटाने मोजल्या. शेषाबाईला विचारलं, "या दिवसांत काहील बंद?"

"पुरात कोण घालील? बाई काठावर येऊन हट्ट करती. मी वापस लावती."

मग ते खुर्चीत बसले आणि चहा घेतला. तपासणीच्या शेरेबुकात दोन शेरे लिहिले. पहिला: शिक्षिकेच्या नोंदी नियमबाह्य, खुलासा मागवावा. दुसरा: या नोंदींवरून वस्ती पाण्याने तुटते हे दिसते, शाळा आहे तिथेच ठेवावी.

मेमो आला. खुलासा दिला, ताकीद मिळाली. शाळेचं नाव यादीतून निघालं.

पुढच्या पावसाळ्यात काहील पुन्हा पाण्यात आली. शेषाबाई म्हणाली, "त्यो मेमो जपून ठिवा, बाई. त्याच्यावरच शाळा उभी हाय."

तो अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्याच्या मागे मी आभाराची यादी लिहून ठेवली आहे: शेषाबाई, मुलांच्या आया आणि मला शिक्षा करून शाळा वाचवणारे साहेब. नव्या शिक्षकांना एवढंच सांगते, जे घडलं तेच मस्टरवर लिहा. मेमो येईल. येऊ द्या.