छबुबाईचा काटा

दिंद्रुडच्या अलीकडे जी वस्ती लागते, तिथे बजरंगला पिंजऱ्यातला पैलवान म्हणतात. त्याच्या पेशाचं खरं नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स, पण ते वस्तीवर कुणाच्या तोंडात बसत नाही. आठ कोनांच्या जाळीत दोघांनी शिरायचं, दार लावून घ्यायचं, आणि मग बुक्क्या, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, जे जमेल ते करायचं. समोरच्यानं हातानं थोपटून ‘बास’ म्हटलं की संपलं. हे सगळं नीट ऐकून घेतल्यावर बजरंगच्या वडिलांनी, राधाकिशननी, एवढंच विचारलं होतं की एवढ्यासाठी पुण्याला जायची काय गरज, हे तर आपल्या ग्रामसभेत होतं.

बजरंग मूळचा जत्रेतला पैलवान. लिंबागणेशच्या बाजूला आणि अजून कुठे कुठे त्यानं मातीतल्या कुस्त्या मारल्या, नारळ आणि फेटे जमवले. पण अंगानं किरकोळ. मोठ्या कुस्तीला त्याचा नंबर लागेना. म्हणून तो पुण्याला गेला आणि एका व्यायामशाळेच्या दारावर राखणदार म्हणून उभा राहिला. आत सुरज सर पोरांना पिंजऱ्यातली लढत शिकवायचे. एक दिवस सरांचा जोडीदार आला नाही, तेव्हा त्यांनी दारावरच्या या माणसाला आत बोलावलं आणि दोन मिनिटांत त्याच्याकडून स्वतःला तीन वेळा पाठीवर आपटून घेतलं. सर उठले, कंबर चोळली आणि म्हणाले, उद्यापासून दार दुसरं कुणीतरी सांभाळेल.

पहिल्या लढतीची गोष्ट बजरंग स्वतःच रंगवून सांगतो, त्यामुळे मीही सांगतो. घंटा वाजली, आणि पंधरा सेकंदांत त्यानं समोरच्याला उचलून असा चितपट केला की दोन्ही खांदे जमिनीला. आता मातीतला माणूस यानंतर काय करणार? बजरंग उठला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून हात जोडून फिरायला लागला. सर जाळीला धरून ओरडत होते, ते त्याला वाटलं कौतुक करताहेत. इकडे तो चितपट झालेला गडी सावकाश उठला, मागून आला, आणि नमस्कार करणाऱ्या बजरंगचा गळा आवळला. बजरंगला अजून वाटतं की त्या दिवशी तोच जिंकला होता.

त्यानंतर मात्र त्यानं धडा घेतला. पुढच्या नऊ लढतींपैकी आठ जिंकल्या. लाइटवेट हा त्याचा गट. म्हणजे वजन सत्तर किलो तीनशे ग्रॅम, त्यावर एक चमचा पाणीसुद्धा चालणार नाही. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं, आणि जास्त भरलात तर विजेतेपदाच्या पट्ट्याची आशा सोडायची.

वस्तीला हीच गोष्ट पटत नव्हती. पैलवान म्हणजे खाणारा. दूध, बदाम, तूप, मटण. जगात असा कुठला आखाडा असेल जिथे पैलवानाला उपाशी ठेवून मग लढायला सोडतात, असं राधाकिशन पारावर बसून येईल त्याला विचारत. वस्तीवर एकाच माणसाला या नियमाची किंमत कळली, आणि ते माणूस म्हणजे बजरंगची माय, छबुबाई.

छबुबाईनं ऊसतोडीचे बावीस हंगाम केले. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. इतक्या मोळ्या उचलल्यावर तिच्या मानेत आणि हातात काटाच बसला म्हणा. मोळी उचलली की ती वजन सांगायची आणि अर्ध्या किलोच्या वर चुकायची नाही. एकदा कारखान्याच्या काट्यावर गाडी कमी भरली, तेव्हा तिनं गाडीसमोर बसकण मारली आणि फेरवजन करायला लावलं. छबुबाई बरोबर निघाली. काट्यानं खोटं बोलायचं नाही आणि काट्यापुढं माणसानंही खोटं बोलायचं नाही, हे तिचं एकच ठाम मत होतं. बाकी सगळ्या बाबतीत ती राधाकिशनचं ऐकते असं राधाकिशन म्हणतात.

वस्तीवर शेळी विकायची असली की व्यापारी यायच्या आधी बायका ती छबुबाईच्या कवेत देतात. तसाच बजरंग. प्रत्येक लढतीच्या आधी तो मायकडे जायचा. हंगाम असला तर एसटीनं थेट उसाच्या फडावर, तिथे पाचटात उभा राहायचा. ती त्याच्या कमरेला मिठी मारायची, वीतभर वर उचलायची, खाली ठेवायची आणि आकडा सांगायची. त्याशिवाय त्याला लढावंसं वाटत नसे. सर म्हणायचे ही अंधश्रद्धा आहे, पण आकडा काय आला हे आधी विचारून घ्यायचे.

यंदा मे महिन्यात पट्ट्याची लढत ठरली. लाइटवेटचा पट्टा, समोर पंजाबचा लांब हातांचा गडी. बजरंगचं वय अठ्ठावीस, पुन्हा अशी संधी कधी येईल याचा नेम नाही. ही बातमी वस्तीवर पोचली आणि घात झाला. शहादेव अण्णा, म्हणजे वस्तीचे मोठे बागायतदार आणि होणाऱ्या प्रत्येक निवडणुकीतले उमेदवार, यांनी त्याला वस्तीवर बोलावून सत्कार ठेवला. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर अण्णांचा फोटो मोठा आणि बजरंगचा शिक्क्याएवढा. मग सत्काराचं जेवण, ते नाही म्हणता येत नाही. मग भावकीतल्या पाच घरी जेवण, त्यांना नाही म्हटलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचा रुसवा. साखराबाई मावशीनं तर पुरणपोळी हातात धरून वाटच अडवली. चार दिवसांनी छबुबाईनं लेकाला उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाली, “सत्त्याहत्तर. आता म्या तुझ्यासंगं येणार हाय.”

आणि ती आली. पुण्यात दहा दिवस तिनं त्याच्यावर पहारा ठेवला. काकडी, उकडलेली अंडी, कोमट पाणी. त्याचे गाल आत गेले, डोळे मोठे झाले, आणि त्याच्यासमोर बसून भाकरी खाता येईना म्हणून ती स्वतःही अर्धपोटी राहिली. वजनाच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत सरांनी त्यांचं मशीन ठेवलं. बजरंग उभा राहिला. सत्तर किलो दोनशे. सरांनी टाळी वाजवली.

छबुबाईनं टाळी वाजवली नाही. ती पुढे झाली, लेकाला उचललं, ठेवलं.

“दीड किलो जास्ती हायस,” ती म्हणाली.

सरांनी समजावलं की हे मशीन परदेशी आहे, ग्रॅमसुद्धा दाखवतं. छबुबाईनं मशीनकडे पाहिलं, त्याच्या खालच्या जाड मऊ गालिच्याकडे पाहिलं, आणि मशीन उचलून मोरीतल्या फरशीवर नेऊन ठेवलं. गाडी कधी चिखलात उभी करून मोजत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. बजरंग पुन्हा उभा राहिला. एकाहत्तर किलो सातशे. सर मटकन पलंगावर बसले.

अकराच्या अधिकृत वजनाला अडीच तास होते. पुढचं सगळं धांदलीचं. हॉटेलातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया गोळा झाल्या, गरम पाण्यानं मोरी वाफेनं भरली, आणि बजरंगला रजयांत गुंडाळून जिन्यावर वर-खाली पळवलं. चौथ्या मजल्यावरच्या एका पाहुण्यानं दार उघडलं, पळणारी रजई पाहिली आणि दार लावून घेतलं. अकराला पाच मिनिटं असताना तो अधिकृत काट्यावर उभा राहिला. सत्तर किलो दोनशे पन्नास. सर छबुबाईच्या पाया पडले. ती म्हणाली, आता पोराला जेवू घाला, आणि हडपसरला भाचीकडे, वनमालाकडे, मुक्कामाला गेली. दहा दिवसांची भूक तिचीही होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी छबुबाईला कुणीच सांगितली नव्हती. वजन एकदा झालं की नियम संपतो. मग लढवय्ये मीठ-साखरेचं पाणी पितात, भात, केळी, चिकन, जे मिळेल ते खातात आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच किलो वाढून पिंजऱ्यात उतरतात. सगळेच तसं करतात. यापूर्वी छबुबाईनं कधी लढत पाहिलीच नव्हती, त्यामुळे हे सांगायची वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पिंजऱ्यात जायच्या आधी, बजरंग तिच्यासमोर उभा राहिला. तिनं मिठी मारली, उचललं, आणि तिचा चेहरा पडला. तिनं त्याला एकदम खाली ठेवलं आणि इकडे तिकडे पाहिलं.

“किती, माय?”

“काय न्हाई. जा तू.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं आकडा सांगितला नाही.  मायला काहीतरी दिसलंय, बजरंगला वाटलं. आपण हरणार, हे तिला कळलंय.

पहिली फेरी तो असा लढला की जणू हात दुसऱ्याचे आणि पाय तिसऱ्याचे. पंजाबच्या गड्यानं लांबून लांबून त्याचा डावा डोळा सुजवला. दुसऱ्या फेरीत तो जरा सावरला, पण मन जाळीबाहेर होतं. तिसऱ्या फेरीत तो गडी खाली वाकून विजेसारखा आत घुसला, दोन्ही पाय धरले, आणि बजरंगच्या टाचा जमिनीवरून सुटायला लागल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून फडावर हाक घालणारा तो आवाज आला.

“बजरंगा, उचलू देऊ नको त्याला! काही झालं तरी उचलू देऊ नको!”

बजरंगनं पाय मागे फेकले, सगळं अंग त्याच्या पाठीवर टाकलं, आणि पुढे आलेली मान आपोआप काखेत सापडली. त्यानं आवळली. पाच सेकंद, सात सेकंद, आणि त्या गड्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं. बास.

काय झालं ते बजरंगला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो उड्या मारायला लागला, आणि यावेळी सरांनीसुद्धा त्याला उड्या मारू दिल्या. माइकवाला सगळ्या सभागृहाला सांगत होता की एवढा नेमका सल्ला त्यानं कुठल्या परदेशी प्रशिक्षकाकडूनही ऐकला नव्हता. बजरंगच्या कमरेला पट्टा बांधला. सर आणि दोन पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावली, आणि उघड्या दारातून छबुबाई आत शिरली, नऊवारीचा ओचा खोचलेला, दोन्ही हात आडवे पसरलेले.

“उचलू नका त्याला. कुणीबी हात लावू नका.”

सगळे थबकले. ती लेकाजवळ आली, त्याच्या कानाशी तोंड नेलं. 

“पाच किलो वाढलायस रे तू. कालच्यान पाच किलो. उचललं की यांना कळंल आन् पट्टा काढून घेतील. त्या पंजाब्याला तर कळलंच असतं, म्हून तर म्या वरडले.”

 बजरंग हसायला लागला, पोट धरून, सुजलेल्या डोळ्यानं, आणि हसता हसता खाली बसला. त्यानं तिला नियम समजावला. तिला खरं वाटेना. मग तिनं पंचालाच विचारलं, आणि पंचानं मान हलवून सांगितलं की हो आजी, चालतं.

छबुबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती आता रडत होती.

“बावीस वर्सं काट्यापुढं खोटं बोलले न्हाई,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा बोलायची तयारी केलती. तुझ्यासाठी.”

 बजरंग उठला आणि तिच्यासमोर उभा राहिला, जसा पाचटात राहायचा तसा. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली, पट्ट्यासकट वीतभर वर उचललं, आणि या वेळी जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. सभागृह उभं राहिलं होतं. माइकवाल्यानं माइक तिच्या तोंडाजवळ नेला.

“शहात्तर,” छबुबाई म्हणाली. “त्यात पट्टा एक किलो.”