काटा चाळीसवर होता

माझे वडील बमरोलीतल्या एका डाइंग मिलचा टेम्पो चालवायचे. मिलमधून रंगून निघालेले कापडाचे ताके मार्केटला पोचवायचे आणि तिथून कोरा माल घेऊन परतायचे, हे काम त्यांनी अठरा वर्षे केले. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडासुद्धा आला नव्हता. म्हणूनच भेस्तानजवळच्या सरळ रस्त्यावर, भर दुपारी, त्यांच्या टेम्पोने एका बाईला उडवले हे मला फोनवर कळले तेव्हा मी आधी विचारले, "गाडी नक्की बाबाच चालवत होते?"

ती बाई आमच्याच भागातली, म्हणजे खानदेशातली. घरी साड्यांवर खडे चिकटवायचे काम करायची. तयार साड्यांचे गाठोडे घेऊन ती रस्ता ओलांडत होती. बाबांनी ब्रेक मारला, पण गाडी तिला लागली आणि पाच-सहा पावले पुढे जाऊन थांबली. ती वाचली. कमरेचे हाड मोडले.

त्या रस्त्यावर चाळीसची मर्यादा आहे. पोलिसांनी बाबांना विचारले, "किती स्पीड होती?"

"चाळीस. मी काट्याकडे बघितलं होतं."

एका दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसत होती. दोन खांबांमधले अंतर आणि लागलेला वेळ धरून पोलिसांनी वेग काढला, तो पन्नासच्या वर गेला. ठाण्यातले साहेब हसले. "बधा ड्राइवर चालीस ज बोले छे," ते गुजरातीत म्हणाले, सगळेच ड्रायव्हर चाळीसच सांगतात.

बाबा घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. आईने पाणी दिले ते हातातच राहिले. "काटा चाळीसवरच व्हता," ते म्हणाले. "खोटं नही बोली ऱ्हायनू मी." शेजारचे लोक विचारपूस करायला आले, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होते जे साहेबांच्या तोंडावर होते. खरे सांगायचे तर माझ्याही.

मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात आम्ही तीनच मुली. गाडीचा वेग कसा काढायचा हे आम्हाला शिकवलेले होते: इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते घ्यायचे, त्याला गिअरच्या प्रमाणाने भागायचे, मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीच्या, प्रमाणाने पुन्हा भागायचे, की चाकाचे फेरे मिळतात. त्यांना टायरच्या घेराने गुणले की वेग. परीक्षेत मला यात पूर्ण गुण मिळाले होते. बाबांना मी ते गणित एकदा समजावले होते, तेव्हा ते म्हणाले होते की हे सगळे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळते.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी जेवताना मी त्यांना विचारले, "आवाज कसा होता? चाळीसचा की पन्नासचा?"

"चाळीसचाच," ते लगेच म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण गाडी हल्ली जड झाली होती. पुलावर चढताना ओढायची नाही. मी मिलच्या शेठला सांगितलं होतं."

"कधीपासून?"

"मी लग्नाला गावी गेलो होतो ना, तेव्हा मागचं डिफरन्शियल तुटलं होतं. शेठने दुसरं बसवून घेतलं. तेव्हापासून."

मी ताट तसेच ठेवून उठले.

रविवारी आम्ही दोघे मिलच्या आवारात गेलो. पोलिसांनी टेम्पो सोडला होता, तो कोपऱ्यात उभा होता. वॉचमन बाबांना ओळखत होता, त्याने आत सोडले. आम्ही एक मागचे चाक जॅकवर उचलले. चाकावर आणि इंजिनाकडून डिफरन्शियलपर्यंत येणाऱ्या खालच्या शाफ्टवर मी खडूने खुणा केल्या. दुसरे चाक जमिनीवर असले की उचललेले चाक दुप्पट फिरते, म्हणून वीस फेरे म्हणजे हिशेबाला दहा. बाबांनी चाक हाताने वीस वेळा फिरवले, मी गाडीखाली पडून शाफ्टचे फेरे मोजले. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पन्नास व्हायला हवे होते. झाले सदतीस आणि थोडे वर. आम्ही पुन्हा मोजले, या वेळी मी मोबाइलवर व्हिडिओही घेतला. पुन्हा सदतीस.

दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलचे, भंगारातले डिफरन्शियल होते ते. बसले म्हणून बसवलेले.

टेपने टायरचा घेर मोजला, दोन मीटर वीस. तिथेच फरशीवर खडूने गणित केले. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेते तेव्हा ही गाडी चाळीसने जायला हवी. आता त्याच पंधराशे फेऱ्यांना ती जवळजवळ चोपन्नने जात होती. आणि मीटरची तार गिअरबॉक्समधून निघते, मागे काय बदलले हे तिला कळत नाही. काटा चाळीसच दाखवणार. आवाजही चाळीसचाच येणार.

बाबा फरशीवरच्या आकड्यांकडे बघत उभे राहिले. "म्हणजे मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. दोन-तीन वेळा म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की पुढची चूक करायला मला एक दिवसही लागला नाही.

सोमवारी मी शेठकडे गेले. गणित सुंदर अक्षरात लिहून नेले होते. मला वाटले, त्यांना ठाऊक नसेल, कळले की तेच पोलिसांना सांगतील. शेठनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, शांतपणे सगळे ऐकले.

"दीकरी, तू तो बहु हुशियार," ते लेकीला म्हणावे तसे म्हणाले. "हा कागद मला दे. वकिलाला दाखवतो."

मी दिला.

शुक्रवारी मी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी कुरकुर करत का होईना, तपासणीला माणूस पाठवला. टेम्पो जॅकवर चढवला, चाक वीस वेळा फिरवले. शाफ्टचे बरोबर पन्नास फेरे झाले. डिफरन्शियलच्या कवचावर ताजा काळा रंग होता. मी रविवारी घेतलेला व्हिडिओ दाखवला. त्या माणसाने तो दोनदा बघितला आणि म्हणाला, "यात चाक दिसतं. कुठल्या गाडीचं, ते दिसत नाही." नंबर प्लेट घ्यायचे मला सुचलेच नव्हते.

त्यानंतर शेठच्याच वकिलाने बाबांना समजावले की गुन्हा कबूल केला तर लवकर सुटाल. कोर्टात बाबा म्हणाले, वेग जास्त होता, माझी चूक झाली. लायसन्स गेले. आता ते एका लूम कारखान्याच्या गेटवर बसतात.

निकाल लागल्यावर बाबांनी हट्टच धरला, त्या बाईला भेटायचे. आम्ही भेस्तानला तिच्या खोलीवर गेलो. ती काठी घेऊन दारापर्यंत आली. बाबांनी हात जोडले. मी तिला सगळे सांगितले: डिफरन्शियल, काटा, शेठ. मला वाटत होते की निदान एका माणसाने तरी बाबांवर विश्वास ठेवावा.

तिने ठेवला. मान हलवली. मग मला विचारले, "मंग गाडी चाळीसवर ऱ्हाती, तं माही कंबर वाचती का?"

उत्तर मला येत होते. वेग चाळीसचा चोपन्न झाला की थांबायला लागणारे अंतर जवळजवळ दुप्पट होते. चाळीसने आली असती तर गाडी तिच्या अलीकडे थांबली असती. मी बाबांकडे बघितले नाही.

"हो," मी म्हणाले.

ती काठीवर रेलली. मग म्हणाली, बसा, चहा ठेवते. बाबा म्हणाले, नको. परतताना रिक्षात त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "हे सांगायलाच पाहिजे होतं का?"

मी आज एका वर्कशॉपमध्ये नोकरी करते. नोकरी लागल्याचे कळले तेव्हा शेठनी माणसाच्या हाती पेढ्यांचा बॉक्स पाठवला. मला तो गटारात फेकायचा होता. आईने काढून घेतला, म्हणाली, खायच्या वस्तूचा राग कशाला. बाबांनी एक उचलून तोंडात टाकला. मग मीही एक खाल्ला.