कळंना म्हणणारी सून

डॉक्टर मंजुषाच्या साठ स्लाइड बानाबाईनं एका फटक्यात निकालात काढल्या. "बाई, तू लई बोलतीस. मेंढीला हात कवा लावणार?"

मंजुषा जनावरांची डॉक्टर. शहरात भरणाऱ्या पशुवैद्यकांच्या परिषदेत तिला पहिल्यांदाच एका तासाची कार्यशाळा मिळाली होती. मशीनशिवाय गाभण मेंढी तपासायची, आणि जमलेल्या चाळीस डॉक्टरांकडून ती प्रत्यक्ष करून घ्यायची. त्यात काकासाहेब येणार, तिचे निवृत्त साहेब. 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मागच्या वर्षी तिचं भाषण चालू असताना ते पहिल्या रांगेत चक्क घोरले होते. या खेपेला पुन्हा शोभा झाली तर व्यासपीठावर पाय ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलंच होतं. म्हणून चार दिवस आधी ती रंगीत तालमीला हर्सूल तलावाकडं, बानाबाईच्या कळपात आली होती.

बानाबाई पासष्टीची, काटक, कपाळाला भंडारा. हयात मेंढरांमागं चालण्यात गेलेली. अक्षराशी वैर, पण दीडशे मेंढ्या, त्यांच्या आया आणि आज्या तोंडपाठ! ती एका मेंढीशेजारी बसली, डोळे मिटले, पोटाखाली हात धरून हलकेच वर उचललं आणि थांबली.

"दोन हायेत. त्यातलं एक बारकं हाय."

मंजुषानं सोबत आणलेलं सोनोग्राफीचं मशीन लावलं. दोन पिल्लं होती, आणि एक खरोखरच बारकं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण पाच वर्षं पुस्तकं घोकली, आणि ही विद्या इथं या भेगाळलेल्या बोटांत! ती वाकली आणि म्हातारीच्या पाया पडली.

"उठ. आता तू बघ."

पहिल्या दोन मेंढ्या जमल्या. तिसरीच्या पोटाला हात लावला तर काहीच समजेना. पण डॉक्टरीणबाई तसं कशी कबूल करणार? "एक आहे," ती ठासून म्हणाली.

बानाबाई हसली नाही. "ती भाकड हाय, पोटात कायबी नाय. आमच्या घरात नवी सून महिनाभर नुसता हात लावती अन् 'कळंना' म्हणती. त्येवढं म्हणल्याबिगर सासू फुडचं शिकवत नाय. तू पहिल्याच दिशी सासू झालीस व्हय?"

मंजुषाचे कान लाल झाले. घरी जाऊन तिनं सगळ्या स्लाइड पुसून टाकल्या.

परिषदेच्या मांडवात बानाबाईच्या सहा मेंढ्या बांधल्या होत्या. बानाबाई बाजूला उभी होती. मंजुषानं सुनेची रीत सांगितली आणि म्हणाली, "ज्याला खरंच कळत नसेल, त्यानं आधी पुढं यावं."

कुणी हललं नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. संपलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात काकासाहेब उठले. बाह्या सरसावून, गुडघे धरत मेंढीशेजारी बसले. बराच वेळ त्यांचा हात पोटावर होता.

"चाळीस वर्षं कळलं कळलं म्हणत आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "कळंना."

बानाबाईनं त्यांचं मनगट धरून हात चार बोटं खाली सरकवला. "डोळं मिटा, सायेब."

काकासाहेबांनी डोळे मिटले. बोटं पोटाला हलकेच टेकवली.

"हललं," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, पण हात काही त्यांनी काढला नाही. त्यांच्या मागं डॉक्टरांची रांग लागली होती.