सुकडीआधी दूध

बहात्तरच्या दुष्काळात मी धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि संघटनेची पत्रकं लिहीत होते. ‘प्रथिनं ही भीक नाही, हक्क आहे!’ हे वाक्य माझं. साक्रीकडच्या खडीकामावर पोरांना सुकडीच्या गोड पिठाबरोबर भुकटीचं दूधही मिळालं पाहिजे, म्हणून आम्ही भांडलो. मिळालं. पण बाया ते ओतून देतात असं कळलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी मागणी केली: पोरानं समोर दूध प्यायचं, मगच सुकडी. आमची कुठलीही मागणी इतक्या झटकन मान्य झाली नव्हती!

पहिल्याच दिवशी एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन अडली. “बाई, दूध ते वासरूनं शे. आमनामा कोन्ही पेत नई.”

“वासराचं कसलं? अंधश्रद्धा सोडा,” मी सुनावलं. “पोरगी बघा, काडी झालीय.”

मुलगी प्यायली. तिसऱ्या दिवशी तिला उभंही राहवेना.

“पोरनं पोट चाली ऱ्हायनं, बाई.”

जुलाब! तेव्हा कुठे मला माझंच पुस्तक आठवलं. दुधात नुसती प्रथिनं नसतात, साखरही असते, आणि ती फोडायला आतड्यात वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. अंगावरचं दूध सुटल्यावर ज्यांच्यात कुणी दूध पीतच नाही, त्यांच्या पोटात ते विकर कुठून टिकणार? परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, दुसरं काय!

कोण दूध प्यालं त्याचं रजिस्टर घेऊन बसलेल्या आमच्या पुढाऱ्याला मी म्हटलं, “नियम काढा.”

“तुझाच नियम. आता काढला तर सरकार दूधच बंद करेल. ज्यांना पचतं त्या पोरांनी काय करायचं?”

त्या प्रश्नाचा मला आजही संताप येतो.

चौथ्या दिवशी ती बाई रांगेत आली. मुलगी कडेवर, मान खांद्यावर टाकलेली. मी पुढे होऊन हळूच म्हटलं, “नका पाजू. सुकडी घ्या नि जा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागच्या रजिस्टरकडे. मी तिची परीक्षा घेतेय असंच तिला वाटलं असणार. का वाटू नये?

“नई बाई, पेस ती. देखा ना, पेस.”

मी हात पुढे केला तोवर तिनं कप मुलीच्या तोंडाला लावला होता. घोट घोट करून सगळा संपवला, उलटा करून मला दाखवला आणि सुकडीसाठी पदर पसरला.