बाबांच्या शब्दांची यादी

खण आवरताना सुक्या बोंबलांचा वास मुरलेला एक कागद सापडला. पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या तुटक उच्चारांचे अर्थ मी त्यावर लिहिले होते. वाचा-उपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मला मुंबईला जायचं होतं. अर्ज भरून तयार होता. मागे वहिनी बाबांना सांभाळणार, तिच्यासाठी ही यादी.

यादी दिली त्या दिवशी ओटीवर वहिनीने विचारलं, "बाबा, काय देऊ?" त्यांचे ओठ हलले.

"चहा," मीच म्हणाले.

वहिनीने यादी परत केली. "ताई, तुमच्याबिगर यांचं कोनाला कळायचं न्हाय."

अर्ज खणात राहिला आणि मी रेवदंड्यात. बाबांनी मला अडकवलं, असंच इतकी वर्षं वाटायचं. आज वाटतं, मी मिनिटभर थांबले असते, तर चहा त्यांनीच मागितला असता.