क्लबातलं चित्र

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या कॅम्प-१ वस्तीच्या बाजारात एक बाई कामगारांचे खाकी कपडे शिवायची. दिवसभर मशीनवर वाकलेली असायची. बाहेरगावच्या एका चित्रकाराने तिचं चित्र काढलं. वर्षभराने ते आमच्या कारखान्याच्या क्लबात लागलं, तेव्हा मी तिला हौसेने बघायला नेलं. वाकलेली पाठ, सुजलेली बोटं, सगळं हुबेहूब होतं. तिने पदराला हात पुसला आणि चित्रातल्या बाईच्या पोटावर ठेवला.

"तवा मी पोटाशी होती, भाऊ. त्यानं माहं पोटच नाई काढलं."

"आणि लेकरू?"

"मशीनवर बसल्या बसल्याच पोटातलं गेलं. इथं तरी राहू द्याचं होतं."

ती हात न काढता तशीच उभी राहिली.